लिनक्सवर गेलेल्यांचे दुसरे स्थलांतर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्यापासून जुना संगणक भंगारात न काढता त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घालावी, असा सल्ला देणारा मजकूर आपल्या दैनिकात आणि इतरत्रही अधूनमधून वाचायला मिळतो. सल्ला चांगला आहे आणि देणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. मात्र हा सगळा मजकूर विंडोजच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबतो. उंबरठा ओलांडून ज्यांना सात-आठ वर्षे झाली, त्यांच्यावर लिनक्सच्या एका वितरणातून (डिस्ट्रोतून, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचातून) दुसऱ्या वितरणात जाण्याची वेळ येते आणि या दुसऱ्या स्थलांतराविषयी मराठीत सहसा कोणी लिहीत नाही. आमच्या वाचनालयावर ती वेळ गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आली, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त गणित शिक्षक असून तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा मानद कार्यवाह आहे. वाचनालयात सहा संगणक आहेत. एक ग्रंथपाल ताईंच्या टेबलावर, एक कार्यालयात हिशेबासाठी, तीन अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी, आणि सहावा दारापाशी, पुस्तकांची यादी शोधण्यापुरता. हा सहावा इतका जुना आहे की त्यात ६४-बिट प्रणाली चालतच नाही. बाकीच्या पाचांवर आम्ही २०१९ मध्ये उबुंटू या वितरणाची १८.०४ ही आवृत्ती बसवली होती. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीची पाच वर्षांची मुदत ३१ मे २०२३ रोजी संपणार, हे आधीच जाहीर होते. मुदत संपल्याची सूचना पडद्यावर येत होती, ताई ती ‘नंतर’ म्हणून बंद करत होत्या, आणि ‘करा बंद, बघू पुढे’ असे त्यांना सांगणारा मीच होतो. अडीच वर्षे आम्ही सुरक्षा दुरुस्त्यांशिवाय काढली. यात उबुंटूचा काडीचाही दोष नाही.

सरळ मार्ग त्याच वितरणाच्या नव्या आवृत्तीवर जाण्याचा होता. पण दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या वगळून उडी मारता येत नाही. १८.०४ वरून २०.०४, तिथून २२.०४, मग २४.०४, असे तीन टप्पे पाच संगणकांवर, आणि तेही आमच्या गावच्या इंटरनेटवर. त्यापेक्षा सगळे पुसून नव्याने बसवणे सोपे. आणि एकदा नव्याने बसवायचेच ठरले की मग तेच वितरण का, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

येथे एक घोटाळा दूर करायला हवा, कारण तो आमच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीतही झाला. पडद्यावर जे दिसते, म्हणजे खालची पट्टी, मेनू, खिडक्यांची बटणे, तो डेस्कटॉप असतो. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन ही त्या डेस्कटॉपांची नावे, आणि यांपैकी बहुतेक डेस्कटॉप बहुतेक वितरणांवर मिळतात. ज्यांना फक्त दिसणे बदलायचे आहे किंवा संगणक हलका करायचा आहे, त्यांना वितरण बदलण्याचे काही कारण नाही. उबुंटूवर असलेल्याने झुबुंटू घेतले, तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप मिळतो आणि घर तेच राहते. वितरण वेगळ्या गोष्टींनी ठरते. सॉफ्टवेअर कोणत्या रूपात बांधून येते, ते किती काळ दुरुस्त केले जाते, सोबत काय येते आणि काय येत नाही, आणि हे सगळे ठरवते कोण. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तर सगळीकडे लिनक्सच. मला जे वितरण बदलणारे भेटले, त्यांतल्या निम्म्यांना खरे तर डेस्कटॉप बदलायचा होता, असे माझे मत झाले आहे.

बैठकीत तीन नावे आली. एका सदस्यांनी लिनक्स मिंट सुचवले. विंडोजची सवय असलेल्यांना ते लगेच ओळखीचे वाटते आणि त्याची २२ वी मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. दुसऱ्यांनी फेडोरा म्हटले. ते नेहमी ताजे असते, पण त्याची एकेक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते, आणि अडीच वर्षे सूचना बंद करणाऱ्या माणसांनी त्या वाटेला जाऊ नये, हे मी स्वतःच सांगितले. तिसरे नाव डेबियनचे. ते गावातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने सुचवले, जो आमच्याच अभ्यासिकेत बसून शिकला आणि आता सुट्टीत येऊन संगणक बघून जातो.

ही नावे परकी वाटली तरी त्यांतली बरीच एकाच घराण्यातली आहेत. डेबियन १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केले आणि आजही ते जगभरचे स्वयंसेवक चालवतात. उबुंटू ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उभे राहिले, पण त्याच्यामागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे. मिंट २००६ मध्ये निघाले आणि त्याची मुख्य आवृत्ती उबुंटूवर उभी आहे. उबुंटूवरून डेबियनवर जाणे म्हणजे मुलाकडून वडिलांकडे जाण्यासारखे आहे. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ‘एपीटी’च्या ज्या चार आज्ञा ताईंनी वहीत लिहून ठेवल्या होत्या, त्या जशाच्या तशा चालल्या. फेडोरा किंवा ओपनसुसेवर गेलो असतो, तर ते पान फाडून नवे लिहावे लागले असते.

मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, अभ्यासिका भरलेली असताना संगणक बंद पडला, तर कोण येणार? मिंट सुचवणारे पुण्यात राहतात. फेडोरावाले आपल्या लॅपटॉपवर पटाईत आहेत, पण दुसऱ्याच्या संगणकाला हात लावत नाहीत. विद्यार्थी म्हणाला, “काका, मी नसलो तर माझा मित्र आहे, तोही डेबियनच वापरतो.” ठराव मंजूर झाला. वितरणाची निवड अशी करणे शास्त्रीय नाही, अशी टीका होऊ शकेल. मला मात्र दहा तक्त्यांतल्या तुलनेपेक्षा हा निकष भरवशाचा वाटतो.

डेबियनची तेरावी आवृत्ती, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली होती. पाच संगणकांसाठी ती आणि एक्सएफसीई ठरले. पूर्वी डेबियन बसवताना वाय-फायसाठी लागणारे फर्मवेअर (त्या उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) वेगळे शोधून आणावे लागे, कारण मुक्त नसलेले काहीही मुख्य इन्स्टॉलरमध्ये ठेवायचे नाही, असे त्यांचे धोरण होते. २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून ते बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर सोबत येते. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी डेबियन बसवण्याचा प्रयत्न करून नाद सोडला, त्यांनी हा बदल लक्षात घ्यावा.

उतरवून घेतलेली इन्स्टॉलरची प्रतिमा (आयएसओ फाइल) तपासूनच वापरावी, हा विद्यार्थ्याचा आग्रह मला आधी अतिरेकी वाटला. त्याने सांगितले की २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळात घुसून डाउनलोडचा दुवाच बदलण्यात आला होता आणि त्या दिवशी उतरवलेल्या काहींच्या हाती चोरवाट असलेली प्रत पडली होती. त्यानंतर फाइल अस्सल आहे की नाही हे ओळखण्यासाठी दिलेली चौसष्ट अक्षरांची तपासणी-बेरीज (चेकसम) मी स्वतः, एका कागदावर पट्टी ठेवून, दोनदा ताडून पाहिली. गणिताच्या शिक्षकाला एवढे समाधान पुरते.

चूक झाली ती पुढे, आणि ती माझी. लिनक्स फाइलचा मालक नावाने नव्हे तर आकड्याने लक्षात ठेवते. पहिला जो वापरकर्ता तयार होतो त्याला १०००, दुसऱ्याला १००१. कार्यालयाच्या जुन्या संगणकावर ‘कार्यालय’ हे खाते पहिले होते आणि ‘वाचक’ दुसरे. नव्याने बसवताना घाईत मी ‘वाचक’ आधी तयार केले. बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवलेल्या फाइली मालकीसकट परत आणल्या आणि काय झाले, तर वर्गणीदारांची यादी, पगारपत्रक, अनुदानाचा सगळा पत्रव्यवहार वाचकांच्या खात्यातून उघडू लागला, आणि कार्यालयाच्या खात्याला ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळू लागले. नावे बरोबर होती, घरे बरोबर होती, फक्त चाव्यांची अदलाबदल झाली होती. एका आज्ञेत ते दुरुस्त होते, पण ती आज्ञा चालवायला गेलो तर माझे नाव अधिकार दिलेल्यांच्या यादीत नाही, असे संगणकाने बजावले. डेबियन बसवताना मुख्य प्रशासकाचा पासवर्ड विचारला जातो. ती जागा रिकामी सोडली, तरच पहिल्या वापरकर्त्याला ‘सुडो’चा, म्हणजे प्रशासकाच्या आज्ञा चालवण्याचा, अधिकार मिळतो. उबुंटूमध्ये हा प्रश्न विचारलाच जात नसल्याने मला ते ठाऊक नव्हते, आणि मी इमाने-इतबारे पासवर्ड दिला होता. “कार्यवाहांचेच नाव यादीत नाही?” असे ताई म्हणाल्या, ते अजून बैठकीत निघते.

आता मराठीबद्दल, कारण आमच्यासारख्यांचे खरे काम तिथेच अडते. ताई इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकलेखन करतात आणि अभ्यासिकेतली मुले उच्चारानुसार, म्हणजे रोमन कळांवरून. लिनक्समध्ये मराठी लिहिण्याचे दोन रस्ते आहेत. एक, कळफलकाची मांडणीच बदलणे. दुसरा, आयबस नावाच्या मध्यस्थामार्फत एम-सतरा-एन संचातली पद्धत निवडणे. जुन्या संगणकांवर आमचे सगळे आयबसवर चालत होते. नव्या एक्सएफसीईवर मी कळफलकाची मांडणीही मराठी केली आणि क्रमात ती पहिली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही मुलाला अभ्यासिकेतला संगणक उघडेना. पासवर्ड बरोबर, ठिपके पडत होते तेही बरोबर, पण त्या ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरे उमटत होती. क्रम उलटा करून इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी केली, तेव्हा कुलूप उघडले.

ताईंची परीक्षा याहून कडक असते. कोणताही नवा संगणक त्या एकाच शब्दाने तपासतात, ‘दुसऱ्या’. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ (J) ही कळ दाबली की ऱ, मग ‘डी’ (D) वर हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य. अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा आडवा दिसला पाहिजे. तो य च्या डोक्यावर रफार होऊन बसला तर ‘दुसर्या’ असा शब्द होतो, आणि ताईंच्या लेखी तो संगणक नापास. आमचे पाचही संगणक पास झाले. ल आणि श मात्र आधी हिंदी वळणाचे आले. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिलेले आहेत. काही युनिकोड फाँटांमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तरच मराठी वळण बाहेर येते. लिब्रेऑफिस या लेखन-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची भाषा हिंदी राहून गेली होती. ती मराठी करताच सभासद कार्डावरचा ल सुधारला. कार्डाची मांडणी बिघडण्याचे कारण निराळे होते. जुन्या संगणकावर कोणीतरी विंडोजमधून मंगल फाँट आणून ठेवला होता, नव्यावर तो नव्हता, आणि त्याच्या जागी आलेल्या फाँटाची अक्षरे रुंद असल्याने एका कार्डाचे दोन कागद होत होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता हा मुक्त परवान्याचा फाँट घालून तो प्रश्न आम्ही कायमचा संपवला.

एवढे सोडले तर आमच्या मराठीला धक्का लागला नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१९ मध्ये विंडोजमधून बाहेर पडताना दाखल नोंदवही युनिकोडच्या आधीच्या फाँटात टंकलेली होती. तो फाँट काढून घेतला की ‘कादंबरी’च्या जागी रोमन चिन्हांचा कचरा उरायचा. अकरा हजारांवर पुस्तकांच्या नोंदी रूपांतर करून, एकेक जोडाक्षर तपासून घेण्यात ताईंचे आणि दोन मुलींचे चार महिने गेले. या वेळी तीच यादी, तीच फाइल, नव्या वितरणावर उघडली आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एक वेलांटीही हलली नव्हती. युनिकोडमधला मजकूर आणि ओपन डॉक्युमेंटची फाइल हाताशी असली की वितरण बदलणे हे दोन दिवसांचे काम उरते. ते नसेल तर वितरण कोणतेही घ्या, मुक्काम अडलेलाच. म्हणूनच एका कार्यालयाकडून आम्हाला आजही जुन्या फाँटातला तक्ता भरण्यासाठी येतो, तेव्हा त्याचा राग केवळ गैरसोयीचा नसतो. तो तक्ता आम्हाला पुन्हा त्या चार महिन्यांत ढकलतो. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण ते एकटे नाही.

प्रिंटरविषयी थोडक्यात. देणगीत मिळालेल्या एका जुन्या लेझर प्रिंटरने बाकी सगळ्या कामांहून जास्त वेळ खाल्ला आणि शेवटी तो ताईंच्या भावाच्या दुकानात गेला. संगणकावर काहीही पुसण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरूनच नवे वितरण चालू करून एक कागद छापून पाहावा. आम्ही ते केले नाही.

मोठ्या संस्थांनाही हे स्थलांतर चुकलेले नाही. म्युनिक शहराच्या पालिकेने सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये तेथील नगरमंडळाने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला, ही बातमी सगळ्यांना ठाऊक असते. पण मधल्या काळात त्यांचे स्वतःचे वितरण डेबियनच्या पायावरून उबुंटूच्या पायावर नेले गेले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. केरळच्या शाळांमध्येही आधी डेबियनवर आधारलेली आणि पुढे उबुंटूवर आधारलेली आवृत्ती आली. तिथे फरक इतकाच की सगळ्या शाळा एकाच वितरणावर गेल्या, त्यामुळे एका शाळेतल्या शिक्षिकेला अडले तर शेजारच्या शाळेतल्या शिक्षिकेला त्याचे उत्तर ठाऊक असते. आपल्याकडे प्रत्येक वाचनालय, प्रत्येक शाळा आपापल्या भाच्या-पुतण्याच्या आवडीचे वितरण घालते आणि तो नोकरीला बाहेरगावी गेला की संगणक पोरका होतो. आमचाही विद्यार्थी दोन वर्षांनी जाईल. सी-डॅकचे बॉस हे भारतीय भाषांसाठी केलेले वितरणही डेबियनवरच आधारलेले आहे. निदान एका तालुक्यातल्या वाचनालयांनी एकत्र बसून डेबियन, बॉस, मिंट यांपैकी काहीही एकच ठरवले, तर एकाने केलेली चूक दुसऱ्याला पुन्हा करावी लागणार नाही. जिल्हा ग्रंथालय संघांनी या वर्षीच्या अधिवेशनात हा विषय घ्यावा, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

दारापाशी असलेल्या सहाव्या संगणकाचे सांगायचे राहिले. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलरच नाही, म्हणून त्यावर बारावी आवृत्ती घातली आहे. तिला दीर्घ मुदतीच्या दुरुस्त्या ३० जून २०२८ पर्यंत मिळतील, बाकीच्या पाचांना २०३० पर्यंत. ताईंनी सहाही संगणकांच्या खोक्यांवर, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवतो तशा, या तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. शिवाय फेब्रुवारी २०२८ च्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘दारापाशीचा संगणक’ हा विषय त्यांनी आत्ताच लिहून ठेवला आहे.

आपला विश्वासू,
एका सार्वजनिक वाचनालयाचा मानद कार्यवाह,
जि. सातारा